झोटेरोत नोंद आहे, पण शोधल्यावर सापडत नाही: मराठी संदर्भांची तपासणी आणि दुरुस्ती

झोटेरो, म्हणजे संदर्भांच्या नोंदी ठेवून तळटिपा आणि संदर्भसूची करून देणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांची तक्रार जवळजवळ एकाच शब्दांत येते. "पुस्तक झोटेरोत टाकलेलं आहे, यादी खाली सरकवत गेलं की दिसतं, पण सर्च बॉक्समधे नाव लिहिलं की यादी रिकामी." मग माणूस घाईत तेच पुस्तक दुसऱ्यांदा टाकतो. सहा महिन्यांत एका पुस्तकाच्या तीन नोंदी होतात, प्रबंधातल्या तळटिपा तीन वेगवेगळ्या नोंदींना जोडल्या जातात आणि संदर्भसूचीत एकच लेखक तीन रूपांत दिसतो. पीएचडी करणाऱ्या काही मित्रमैत्रिणींच्या लॅपटॉपवर बसून हे मी निस्तरलंय. प्रत्येक वेळी कारणं तीच निघतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

माझं स्वतःचं काम पुरंदर तालुक्यातल्या जुन्या पाणीव्यवस्थेवर आहे: बारवा, विहिरी, तळी, घाट, बंधारे. पुरंदरमधून वाहत जाऊन बारामती तालुक्यात सोनगावपाशी नीरेला मिळणारी कऱ्हा ही त्यातली मुख्य नदी. साहजिकच माझ्या नोंदींत सगळ्यांत जास्त येणारा शब्द 'कऱ्हा', आणि शोधात सगळ्यांत जास्त निसटणारा शब्दही तोच. पुढची बरीच उदाहरणं त्याच शब्दाभोवती आहेत. तुमचा विषय कऱ्हाडचा असो, कुऱ्हाडीचा असो की सह्याद्रीतल्या दऱ्यांचा, अडचण तीच येणार.

आधी दोन मिनिटांची तपासणी

शब्दाच्या स्पेलिंगपर्यंत जाण्याआधी साध्या गोष्टी बघून घ्या, कारण अर्धी प्रकरणं इथेच मिटतात.

डावीकडे कोणतं कलेक्शन (नोंदींचा गट) निवडलंय ते पाहा. सर्च बॉक्स फक्त निवडलेल्या कलेक्शनमधे शोधतो. पूर्ण संग्रहात शोधायचं तर 'माय लायब्ररी'वर क्लिक करून मग शब्द लिहा. ग्रुप लायब्ररी असेल तर ती वेगळी, तिथे वेगळं शोधावं लागतं.

डावीकडे खाली टॅगांची चौकट असते. तिथे चुकून एखादा टॅग निवडलेला राहिला असेल तर फक्त त्या टॅगच्या नोंदी दिसतात. "माझ्या निम्म्या नोंदी उडाल्या" असा फोन येतो तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारतो. निवडलेल्या टॅगवर पुन्हा क्लिक करा, नोंदी परत येतात.

सर्च बॉक्सच्या भिंगाच्या खुणेवर क्लिक केलं की तीन पर्याय दिसतात. 'टायटल, क्रिएटर, इयर' हा सगळ्यांत अरुंद. 'ऑल फील्ड्स अँड टॅग्ज' सगळी फील्डं, टॅग आणि टिपणं धुंडाळतो. 'एव्हरीथिंग' त्याशिवाय पीडीएफमधल्या मजकुरातही शोधतो. तुमचा शब्द 'एक्स्ट्रा' या फील्डमधे किंवा टिपणात असेल आणि पर्याय पहिला लागलेला असेल, तर ती नोंद येणारच नाही. दोन शब्द लिहिले तर दोन्ही असलेल्या नोंदीच येतात. अवतरणचिन्हांत लिहिले तर सलग तसेच असलेले शब्द शोधले जातात.

आणि कचरापेटी. कलेक्शनमधे उभं राहून नुसतं डिलीट दाबलं तर नोंद फक्त त्या कलेक्शनमधून बाहेर निघते, लायब्ररीत राहते. शिफ्ट धरून डिलीट केलं तर ती कचरापेटीत जाते, आणि कचरापेटी मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवसांनी रिकामी होते. म्हणजे "हरवलेली" नोंद शोधायला महिनाभर वेळ असतो, त्यानंतर नाही.

इतकं करूनही नोंद डोळ्यांसमोर असून शोधात येत नसेल, तर खरी अडचण पुढे आहे.

दिसायला एक, आतून दोन

हे दोन शब्द पाहा: कऱ्हा आणि कर्‍हा. छापील पानावर दोघांत काही फरक दिसणार नाही. संगणकाला मात्र हे दोन सर्वस्वी वेगळे शब्द आहेत.

पहिल्यात 'ऱ' हे एक स्वतंत्र अक्षर आहे, युनिकोडमधला (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीतला) क्रमांक ०९३१. त्याचा पाय मोडला आणि पुढे 'ह' आला की तो आडवा, छोटा अर्धा र तयार होतो. दुसऱ्यात साधा 'र' आहे, त्याचा पाय मोडलाय, आणि त्यानंतर एक न दिसणारं चिन्ह आहे, झिरो विड्थ जॉइनर. ते चिन्ह फॉन्टला सांगतं की इथे रफार करू नकोस, अर्धा र दाखव. परिणाम डोळ्यांना एकच, पण साठवलेल्या चिन्हांची साखळी वेगळी. तुम्ही फोनवरून एक रूप शोधता, नोंदीत दुसरं असतं, आणि झोटेरो प्रामाणिकपणे सांगतं की असं काही नाही.

खात्री करून घ्यायची पद्धत सोपी आहे. नोंदीतला शब्द कॉपी करून नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमधे चिकटवा. कर्सर शब्दाच्या शेवटी ठेवा आणि बॅकस्पेस एकेकदा, सावकाश दाबत जा. आधी काना जातो, मग ह जातो. त्यानंतर लक्ष ठेवा. पहिल्या रूपात आणखी एकदा दाबलं की 'कऱ' उरतो, र खाली स्पष्ट टिंब. दुसऱ्या रूपात एकदा दाबल्यावर न दिसणारं चिन्ह जातं आणि पाय मोडलेला र् दिसतो, पुन्हा दाबल्यावर 'कर' उरतो, टिंबाविना. टिंब उरलं की नाही, एवढंच पाहायचं. मी हे पहिल्यांदा कुणालातरी करून दाखवलं तेव्हा तिने तोच शब्द चारदा खोडून पुन्हा चिकटवला आणि मग वही काढून लिहून घेतलं.

ही दोन रूपं येतात कुठून? इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाण मांडणी) कीबोर्डवर ऱ हे अक्षर शिफ्ट धरून J दाबल्यावर येतं, म्हणजे तिथे पहिलं रूप सहज मिळतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमधे आणलेला असेल तर माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दुसरं रूप निघतं. ग्रंथालयांच्या सूचींतून, पीडीएफमधून, मित्राच्या वर्ड फाइलमधून चिकटवलेलं काहीही असू शकतं. एकाच लायब्ररीत दोन्ही असणार हे गृहीत धरूनच चाला.

याच जातीची आणखी दोन प्रकरणं आहेत.

एक 'ॲ'चं. ॲड्व्होकेट, ॲग्रिकल्चर, ॲक्ट हे शब्द आपल्या सरकारी अहवालांच्या नावांत भरपूर. हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमधे २००८ साली आलं. त्याआधी टाइप झालेल्या प्रत्येक मजकुरात 'अ' आणि त्यावर वेगळा चंद्र, किंवा हिंदीतला 'ऍ' वापरलेला असतो, कारण दुसरा मार्गच नव्हता. अनेक जण आजही तसंच लिहितात. म्हणजे एका शब्दाची तीन रूपं.

दुसरं विसर्गाचं. 'दुःख', 'अंतःकरण', 'स्वतः' यांत विसर्ग हवा. पुष्कळ टाइपिस्ट तिथे विरामचिन्हातला कोलन ठेवतात, कारण कीबोर्डवर तो समोर असतो. छापल्यावर कुणाच्या लक्षात येत नाही. शोधात मात्र 'दुःख' लिहून 'दु:ख' कधीच सापडत नाही.

एका बाबतीत मात्र निश्चिंत राहा. मराठी वळणाचा ल आणि श, हिंदी वळणाचा ल आणि श, हा फरक फक्त फॉन्टचा आहे. आत चिन्ह एकच. पडद्यावर वेगळं दिसलं म्हणून दुरुस्त करायला जाऊ नका. तसंच 'र' आणि खालचा नुक्ता सुटे टाइप झाले तरी युनिकोड ते एकत्र 'ऱ'च्या बरोबरीचं मानतं, त्यामुळे ते रूप क्वचितच त्रास देतं. झिरो विड्थ जॉइनरचं तसं नाही, त्याला कुठलीच बरोबरी लागू होत नाही.

दुरुस्ती कशी करायची

बरेच जण एक मार्ग सुचवतात: सगळ्या नोंदी एक्स्पोर्ट करा, एडिटरमधे फाइंड-रिप्लेस करा, पुन्हा इंपोर्ट करा. कृपया हे करू नका. इंपोर्ट केलेल्या नोंदी झोटेरोसाठी नव्या असतात. तुमच्या वर्ड फाइलमधली प्रत्येक तळटीप जुन्या नोंदीला जोडलेली आहे. जुन्या नोंदी काढून टाकल्या की ते धागे तुटतात, आणि प्रबंध सादर करायच्या आठवड्यात तीनशे तळटिपा हाताने जोडत बसावं लागतं. एका मैत्रिणीवर नेमकी ही वेळ आली होती. नोंद जागच्या जागी दुरुस्त करायची, हा नियम मोडू नका.

मी सेव्ह्ड सर्च वापरतो. 'ॲडव्हान्स्ड सर्च' उघडा, अट ठेवा: टायटलमधे 'र्‍' असणे, म्हणजे साधा र, पाय मोडलेला, आणि त्यानंतर ते न दिसणारं चिन्ह. हे टाइप करायला जड जातं, म्हणून चुकीच्या रूपातल्याच एखाद्या शब्दातून कॉपी करून अटीत चिकटवा. खाली 'प्लस' दाबून अशीच अट लेखकाच्या नावासाठी, प्रकाशनाच्या नावासाठी, टॅगसाठी जोडा आणि वर 'एनी' निवडा, म्हणजे कोणतीही एक अट पुरी झाली की नोंद यावी. हा शोध 'दुरुस्त करायच्या' अशा नावाने सेव्ह करा. तो डावीकडे कलेक्शनसारखा दिसू लागतो, पण आतल्या नोंदी झोटेरो स्वतः भरतं.

आता त्यातली एकेक नोंद उघडून शब्द नीट करा. नोंद दुरुस्त झाली की ती अट पुरी करत नाही, म्हणून यादीतून आपोआप निघून जाते. यादी छोटी होत जाते, आणि कुठपर्यंत आलो हे लक्षात ठेवावं लागत नाही. रोज चहासोबत वीस नोंदी केल्या तरी महिन्यात सहाशे होतात. नंतर केव्हाही नवी चुकीची नोंद आली की ती याच यादीत हजर होते, त्यामुळे हा शोध काम संपल्यावरही पुसू नका. ॲ आणि विसर्गासाठी असेच वेगळे शोध करून ठेवा.

नोंदी हजारांत असतील तर झोटेरोच्या 'टूल्स'मधे 'डेव्हलपर'खाली छोटी स्क्रिप्ट चालवायची सोय आहे, तिने एका झटक्यात बदल होतो. ज्यांना कोड वाचता येतो त्यांनीच ते करावं, आणि त्याआधी झोटेरो बंद करून त्याचं पूर्ण डेटा फोल्डर दुसरीकडे कॉपी करावं. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. चुकीचा बदलही सिंक होऊन सगळीकडे पोचतो.

पुढच्या नोंदींसाठी एक रूप ठरवा आणि त्याला धरून राहा. मी 'ऱ' अक्षराचं रूप ठरवलंय, कारण त्यात न दिसणारं काही नाही.

जुनी वळणं, नवी वळणं

इतिहासात काम करणाऱ्यांना याहून मोठा घोळ शुद्धलेखनाचा आहे, आणि इथे चूक कुणाचीच नाही. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पुस्तकांवर 'साधनें', 'कांहीं', 'नांव' असं छापलेलं असतं. वि. का. राजवाड्यांनी १८९८पासून काढलेल्या खंडांचं नाव 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' असं आहे. आज आपण 'इतिहासाची साधने' असं शोधतो, आणि पुस्तक येत नाही, कारण मधे दोन टिंबं आहेत.

शीर्षक पुस्तकावर आहे तसंच ठेवायचं, याबद्दल माझं मत ठाम आहे. संदर्भसूची ही पुस्तकाची ओळख असते, तिथे आपण शुद्धलेखन तपासायला बसत नाही. पण 'शॉर्ट टायटल' किंवा 'एक्स्ट्रा' फील्डमधे आजच्या वळणाचं रूप लिहून ठेवा, आणि शोध 'ऑल फील्ड्स अँड टॅग्ज'वर ठेवा. 'शॉर्ट टायटल' काही संदर्भशैलींत छापून येतं, म्हणून मी 'एक्स्ट्रा'च वापरतो. खंड बावीस आहेत, तेव्हा प्रत्येक खंडाची वेगळी नोंद करा आणि खंड क्रमांक 'व्हॉल्यूम'मधे घाला. शीर्षकात 'खंड ८' असं जोडलं की सूचीत तो दोनदा येतो.

गावांच्या नावांचंही तसंच. प्रकाशनस्थळ पुस्तकावर 'शोलापूर' असेल तर तेच राहू द्या. विषयाचा टॅग मात्र आजच्या नावाने, 'सोलापूर'. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झाल्यावर टॅगात जुनं की नवं, हे एकदा ठरवून सगळीकडे सारखं करा. टॅगच्या नावावर राइट क्लिक करून नाव बदललं की सगळ्या नोंदींवर एकदम बदलतं.

आणि शोधताना मराठीची मोड लक्षात ठेवा. 'विहीर' शोधलं तर 'विहिरींचे सर्वेक्षण' येणार नाही, कारण 'ही' ऱ्हस्व झाली. 'पाणी' शोधलं तर 'पाण्याचा इतिहास' येणार नाही. शीर्षकात आणि टॅगमधे शोध शब्दाच्या तुकड्यावरही चालतो, म्हणून रूप बदलण्याआधीपर्यंतचा भाग लिहा: 'विह', 'पाण', 'कऱ्ह'. चार नको त्या नोंदी जास्त येतात, पण हवी ती निसटत नाही.

एकच माणूस, चार नावं

आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) टाकून नोंद आणली की बऱ्याचदा ती परदेशी सूचीतून येते. मग लेखकाचं नाव रोमन लिपीत, स्वरांवर आडव्या रेघा आणि व्यंजनांखाली टिंबं अशा लिप्यंतरात असतं. तेच पुस्तक तुम्ही आधी हाताने देवनागरीत टाकलेलं असतं. झोटेरोचं 'डुप्लिकेट आयटम्स' हे दोन ओळखेल अशी आशा धरू नका. ते शीर्षक, आयएसबीएन, डीओआय (लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक) अशा गोष्टी ताडून पाहतं, आणि जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नसतोच.

दोन्ही नोंदी स्वतः निवडा, राइट क्लिक करा, 'मर्ज आयटम्स'. दोन्हींचा प्रकार सारखा हवा, एक पुस्तक आणि दुसरं लेख असेल तर आधी प्रकार बदलून घ्या. मर्ज करण्याचा मोठा फायदा असा की कोणत्याही नोंदीला जोडलेली तळटीप टिकून राहते. एक नोंद नुसती डिलीट केली तर टिकत नाही.

नावाच्या बाबतीत मी असं करतो: 'राजवाडे' हे आडनाव एका चौकटीत, 'विश्वनाथ काशिनाथ' दुसऱ्या चौकटीत, पूर्ण. आद्याक्षरं हवी असतील तर संदर्भशैली ती काढते; पण आद्याक्षरांवरून पूर्ण नाव कुणालाच काढता येत नाही. 'इतिहासाचार्य', 'प्रा.', 'डॉ.' ही बिरुदं नावात घालू नका, त्याने अकारविल्हे क्रम बिघडतो. रोमन रूप 'एक्स्ट्रा'त.

शके आणि आकडे

हे थोडक्यात, पण चुकवू नका. जुन्या मुखपृष्ठावर 'शके १८३२' असतं. 'डेट' फील्डमधे इंग्रजी आकड्यांत १८३२ घातलं तर झोटेरो ते इसवी सन समजतं आणि १९१०चं पुस्तक पेशवाई संपून जेमतेम चौदा वर्षं झाल्यावरचं म्हणून लावतं. देवनागरी आकड्यांत घातलं तर वर्ष म्हणून ओळखतच नाही आणि क्रम लावताना नोंद भलतीकडे जाते. 'डेट'मधे इसवी सन, इंग्रजी आकड्यांत, शके 'एक्स्ट्रा'त. शकात ७८ मिळवायचे; जानेवारी ते पाडवा या काळातलं असेल तर ७९.

पीडीएफमधला मजकूर सापडत नाही

इथे आधी एकच चाचणी. पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा, नोटपॅडमधे चिकटवा.

काहीच निवडता येत नसेल तर ते नुसतं स्कॅन आहे, आत अक्षरं नाहीत, चित्रं आहेत. निवडता आलं पण चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा चुरा पडला, तर ते श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा जुन्या फॉन्टातलं आहे. पानावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी चिन्हं साठवलेली आहेत. २००० सालाच्या आगेमागे डीटीपी झालेल्या नियतकालिकांत आणि शासकीय अहवालांत हे फार. तिसरा प्रकार फसवा आहे: चिकटवल्यावर मराठीच येतं, पण वेलांट्या एक घर पुढे-मागे सरकलेल्या, जोडाक्षरं फुटलेली. तिन्ही प्रकारांत झोटेरोचा दोष नाही आणि झोटेरोत काही करून उपयोगही नाही. फाइल बदलावी लागते.

त्यासाठी टेसरॅक्ट हे मोफत ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर) आहे, त्याचा मराठीचा डेटा वेगळा उतरवून घ्यावा लागतो. त्यावर चालणारं ओसीआरमायपीडीएफ पूर्ण पीडीएफ घेऊन आत शोधता येणारा मजकूर भरून देतं. नुसत्या स्कॅनला ते सरळ चालतं. जुन्या फॉन्टच्या पीडीएफला मात्र ते नकार देतं, कारण त्याच्या मते तिथे मजकूर आधीच आहे. तिथे 'फोर्स ओसीआर' हा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे ते पानाचं चित्र करून नव्याने वाचतं. खूप जण त्या नकारापाशी थांबतात आणि "मराठीला चालत नाही" असं ठरवून टाकतात. चालतं, आणि स्वच्छ छपाई असेल तर छान चालतं. मराठीबरोबर इंग्रजीही निवडा, कारण आपल्या पानांत दोन्ही असतात. मूळ फाइल जपून ठेवा.

नवी फाइल झोटेरोत जुनीच्या जागी त्याच नावाने ठेवा (राइट क्लिक करून 'शो फाइल' केलं की जागा कळते) आणि मग 'रीइंडेक्स' करा, म्हणजे झोटेरो शोधासाठी तिच्यातल्या शब्दांची यादी (इंडेक्स) नव्याने करतं. जोडलेली फाइल निवडल्यावर उजवीकडे 'इंडेक्स्ड' पुढे 'येस', 'नो' किंवा 'पार्शल' दिसतं. 'पार्शल'कडे मुद्दाम बघा. झोटेरो मूळ सेटिंगला पीडीएफची पहिली १०० पानंच इंडेक्स करतं. सातशे पानांच्या गॅझेटियरमधला सासवडचा मजकूर पाचशेव्या पानावर असेल तर तो शोधात येणारच नाही, आणि तुम्ही समजणार की गॅझेटियरमधे सासवड नाही. सेटिंग्जमधे ही मर्यादा वाढवता येते. त्याच ठिकाणी प्रत्येक फाइलमागे पाच लाख अक्षरांचीही मर्यादा असते, तीही वाढवा आणि इंडेक्स पुन्हा बांधा. लॅपटॉप थोडा वेळ जड चालेल, रात्री लावून ठेवा.

ओसीआर झाल्यावरही आपला तो अर्धा र पिच्छा सोडत नाही. 'ऱ्ह'चा आकार 'न्ह'च्या इतका जवळ जातो की कऱ्हाचं 'कन्हा' आणि कऱ्हाडचं 'कन्हाड' होतं. हजार पानं हाताने सुधारणं शक्य नाही, म्हणून मी शोधच तसा करून ठेवलाय. 'कऱ्हा सर्व रूपं' या नावाचा सेव्ह्ड सर्च, वर 'एनी', आणि 'अटॅचमेंट कंटेंट'साठी एकाखाली एक अटी: कऱ्हा, कर्‍हा, कन्हा, कऱ्हे, कर्‍हे, कन्हे. शेवटची तीन रूपं 'कऱ्हेचे', 'कऱ्हेच्या' यांसाठी. हा शोध पहिल्यांदा चालवला तेव्हा नुसत्या 'कऱ्हा'ने कधीच न दिसलेले दोन पाटबंधारे अहवाल वर आले, आणि त्यातल्या एकात मी वर्षभर शोधत असलेला बंधारा होता. नकाशासकट.

कलेक्शनं किती करायची

कमी. झोटेरोतलं कलेक्शन म्हणजे कपाटातला खण नव्हे. एकच नोंद पाच कलेक्शनांत राहू शकते आणि ती प्रत नसते, तीच नोंद असते. एखादी नोंद कुठे कुठे आहे ते पाहायला ती निवडून विंडोजवर कंट्रोल, मॅकवर ऑप्शन धरा, ती ज्यांत आहे ती कलेक्शनं उजळतात. मी कलेक्शन फक्त लिहायच्या गोष्टीला देतो: एक प्रकरण, एक लेख. विषय, गाव, काळ हे सगळं टॅगमधे. सूचींतून आपोआप येणारे इंग्रजी टॅग बंद करून ठेवा, सेटिंग्जमधे एक खूण काढावी लागते. आधी आलेले टॅगांच्या चौकटीच्या मेनूतून एकदम काढता येतात. रंगीत टॅग नऊपर्यंत देता येतात आणि कीबोर्डवरचा तो आकडा दाबला की लागतात. 'वाचायचं', 'मूळ पाहायचं', 'प्रत मिळवायची' या तिघांना मी रंग दिलेत.

मोडी कागद उरतात. टेसरॅक्ट मोडी वाचत नाही, म्हणून तिथे इंडेक्सवर भिस्त नको. प्रत्येक कागदाच्या स्कॅनखाली एक टिपण जोडा आणि त्यात देवनागरीत पाच ओळी लिहा: गाव, माणसं, पाण्याची जागा, शक आणि त्याचा इसवी सन, आणि कागदात आलेले महत्त्वाचे शब्द जसेच्या तसे. 'पाट', 'मोट', 'थळ', 'कऱ्हा'. लिहिताना 'ऱ' शिफ्ट धरून.